गुळाची मसाला कॉफी पुन्हा पुन्हा फाटते? एकाच खोडीमागची तीन कारणं

दसरा झाला की लातुरात दुपारी ऊन भाजतं आणि पहाटे पायाशी ठेवलेलं पांघरूण ओढून घ्यावं लागतं. सोयाबीनच्या राशी झालेल्या असतात, बाजारात लाल भोपळा स्वस्त असतो आणि कोजागिरीच्या दुधासाठी आणलेलं जायफळ डब्यात शिल्लक असतं. अशा दिवसांत संध्याकाळी दालचिनी-सुंठीचा वास येणारी, भोपळ्याचा गर आणि गूळ घातलेली कॉफी जीवाला फार बरी वाटते. गेल्या वर्षी भाची सुट्टीला आली आणि तिने हे खूळ घरात आणलं. पहिल्या दिवशी कॉफी फाटली. दुसऱ्या दिवशीही फाटली. कारण सापडलं असं वाटलं, दोन दिवस छान झाली आणि तिसऱ्या दिवशी पातेल्यात पुन्हा हिरवट पाणी आणि वर तपकिरी चोथा. "आत्या, पुन्हा फाटली गं!" ही हाक त्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकली की शेवटी मी हात धुऊन या प्रकारामागे लागले.

आठ-दहा दिवसांत लक्षात आलं की फाटण्याचं कारण एक नव्हतंच. दर वेळी दिसणारा प्रकार सारखा, पण करणारा वेगळा. म्हणूनच एक उपाय सापडला तरी दोन दिवसांनी खोड परत येते आणि आपण चक्रावतो. तुमच्याकडेही असंच होत असेल तर माझा आठवडा तुमच्या कामी येईल.

आधी एक खात्री करून घ्या. कॉफी खरंच फाटली आहे का? भोपळ्याचे धागे तळाशी बसले की तेही फाटल्यासारखेच दिसतात. आमच्याकडे एकदा अख्खं पातेलं या गैरसमजापायी ओतून दिलं गेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. चमचाभर कॉफी पांढऱ्या बशीत घ्या आणि बशी तिरपी करा. दूध एकसंध, दाट ओघळलं आणि मागे केशरी तंतू राहिले, तर तो भोपळा आहे. गाळा आणि प्या. पण पाणी वेगळं पळालं, ते आरपार दिसतंय, आणि मागे रव्यासारखे कण राहिलेत, तर मग दूध फाटलंय.

आता शोध. मी चार वाट्या घेतल्या. चारीत त्याच पातेल्यातलं, नुकतंच तापवलेलं दूध. पहिलीत नुसतं दूध. दुसरीत सुपारीएवढा गुळाचा खडा. तिसरीत अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी. चौथीत किसलेलं ताजं आलं. प्रत्येक वाटीतलं दूध छोट्या कढल्यात ओतून मंद आचेवर पुन्हा तापवलं. नुसतं दूध जसंच्या तसं. कॉफीचंही काही बिघडलं नाही. आल्याचं दूध तर उकळीपर्यंत पोचलंच नाही. कडेने वाफ यायला लागली आणि चमचा फिरवला तसा चमच्याला दह्यासारखा लगदा चिकटून आला. गुळाच्या दुधाला उकळी फुटेपर्यंत काही झालं नाही, मग कढल्याच्या काठाला मोहरीएवढे कण दिसले आणि मिनिटाभरात सगळंच फुटलं. म्हणजे एकाच कॉफीत दोन गुन्हेगार होते.

आल्याचं कारण असं की ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. दूध कोमटाहून बरंच गरम, पण अजून उकळायचं असतं, तेव्हा ते सगळ्यात जोमाने काम करतं. चीनच्या दक्षिण भागात याच गुणावर आल्याचा रस आणि गरम दूध एकत्र करून खरवसासारखा गोड पदार्थ मुद्दाम लावतात. उकळीत मात्र ते विकर निकामी होतं. म्हणूनच चहात आलं आधी पाण्यात खळखळ उकळून मग दूध घालायची आपली रीत आहे. आम्ही कॉफीच्या नादात ती रीत विसरलो आणि किसलेलं आलं थेट दुधात टाकलं. उपाय सोपा आहे. सुंठ वापरा, किंवा आलंच हवं असेल तर पाण्यात पाच मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. मला स्वतःला या कॉफीत सुंठच आवडते. आल्याचा तिखटपणा जिभेच्या शेंड्यावर झोंबतो, सुंठेचा घशात उतरतो, आणि थंडीची चाहूल लागल्यावर तोच बरा वाटतो.

गुळाची गोष्ट थोडी लांब आहे, आणि ती या दिवसांचीच आहे. ताज्या दुधाचा पीएच ६.६ ते ६.७ च्या आसपास असतो. तो खाली, म्हणजे आंबटपणाकडे, सरकत गेला की दुधातलं केसीन हे प्रथिन एकत्र गोळा व्हायला लागतं. गार दुधात हे पुरतं व्हायला पीएच ४.६ पर्यंत यावा लागतो, पण दूध जितकं गरम तितका थोडा आंबटपणाही पुरतो. उसाचा रस मुळात थोडा आंबट. गुऱ्हाळात रस उकळताना चुना घालून तो आंबटपणा मारतात, भेंडीचा चिकट रस घालून मळी काढतात, तरी गुळात थोडी आम्लता राहतेच, वर खनिज क्षारही असतात. त्यात आमच्याकडची गुऱ्हाळं पेटतात दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे ऑक्टोबरमध्ये आपल्या डब्यात जो गूळ असतो तो मागच्या हंगामाचा, पूर्ण पावसाळा अंगावर काढलेला. दमट हवेने तो पाझरतो, मऊ पडतो, आणि त्याच्यात हळूहळू आंबणं सुरू होतं. आमच्या डब्याच्या तळाशी काळसर पाक साचला होता. बोटाने चाखला तर गोडामागे बारीकशी आंबट झाक होती. त्याच डब्यातल्या गुळाची सासूबाईंची पुरणपोळी मात्र बिनचूक होत होती, कारण पुरणात दूध नसतं. त्यामुळे गुळावर कुणाला शंकाच आली नव्हती.

गूळ तपासायचा असेल तर खडा अर्धी वाटी पाण्यात विरघळवून चाखा. आंबट किंवा फसफसल्यासारखा वास असेल तर तो गूळ दुधाच्या कशातच नको. खूप पिवळाधमक गूळ दिसायला छान असतो, पण तो रंग बऱ्याचदा हायड्रॉससारख्या रसायनाने आणलेला असतो, आणि कॉफीत त्याला चवही नसते. मी या कॉफीसाठी काळसर, कोरडा, फोडताना खटकन तुटणारा गूळ शोधते. लातूरचा गूळबाजार जुना आहे, तिथे ओळखीच्या दुकानदाराला "दुधात घालायचाय" एवढं सांगितलं तरी तो बरोबर ढेप दाखवतो.

सासूबाईंना मी चार वाट्यांचा प्रयोग दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही गुळाच्या चहात दूध कधी उकळलंच नाही. चहा खाली उतरवायचा, मग दूध." सगळ्या उपायाचं मूळ त्या एका वाक्यात होतं. गूळ आणि दूध एकत्र चुलीवर राहायला नकोत.

मग आम्ही तसंच केलं. गुळाचा पाक वेगळा, दूध वेगळं, आल्याऐवजी सुंठ. दोन दिवस कॉफी अशी झाली की शेजारच्या काकू वासाने दारात आल्या. आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फाटली.

त्या दिवशी मी हताश होऊन नुसतं दूधच दुसऱ्या भांड्यात चढवलं. तेही फाटलं. रतिबाचं दूध सकाळी सहाला आलं होतं, त्या दिवशी घाईत तापवायचं राहिलं, आणि दुपारच्या उन्हात ते ओट्यावरच होतं. वासाला ठीक होतं, चवीलाही ठीक होतं. पण दुधातल्या जिवाणूंनी दिवसभरात लॅक्टिक आम्ल तयार करून ठेवलेलं असतं आणि आपल्या नाकाला कळायच्या आधी आचेला कळतं. ऑक्टोबर हीटमध्ये हे हमखास होतं, कारण सकाळी गारवा असतो म्हणून आपण बेसावध राहतो. तेव्हापासून माझा नेम आहे. संध्याकाळच्या कॉफीआधी पळीभर दूध कढल्यात उकळून बघायचं. अर्धं मिनिट लागतं. ते टिकलं तरच पुढे जायचं.

आता लक्षात घ्या की ही तिन्ही कारणं एकमेकांना हात देतात. जरासं उतरलेलं दूध एकटं असतं तर तग धरून राहिलं असतं. जरासा आंबट गूळ ताज्या दुधाने पचवला असता. कॉफीचाही पीएच ५ च्या आसपास, म्हणजे तीही थोडं ढकलतेच. सगळे थोडे थोडे एका पातेल्यात आले की दूध हार मानतं. त्यामुळे मला एका कारणाचा बंदोबस्त करण्यापेक्षा क्रम बदलणं जास्त भरवशाचं वाटतं. क्रम नीट असेल तर एखादी गोष्ट उन्नीस-बीस असली तरी निभावतं.

दोन कपांसाठी माझा क्रम असा. अर्धा कप पाण्यात एक इंच दालचिनी, एक लवंग, दोन मिरे आणि पाव चमचा सुंठ पूड पाच मिनिटं उकळते. त्यात दोन मोठे चमचे चिरलेला गूळ आणि अगदी चिमटीतल्या चिमटीत मीठ. गूळ विरघळला की दोन मिनिटं अजून उकळते, मलमलच्या फडक्यातून गाळते आणि त्यातच दोन छोटे चमचे इन्स्टंट कॉफी आणि भोपळ्याचा तयार गर घोटून ठेवते. दुसरीकडे दीड कप दूध तापवते. उकळी आणत नाही. भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे आले की आच बंद. दूध आधीच तापवून ठेवलेलं असल्याने इतकंच पुरतं. मग पाक थोडा निवू देते आणि बारीक धारेने दुधात सोडते, दुसऱ्या हाताने सतत ढवळत. दुधात पाक घालायचा, पाकात दूध नाही. पाकात दूध घातलं तर पहिल्या धारेतलं थोडंसं दूध सगळ्या आंबटपणाला एकटं सामोरं जातं आणि तिथेच कण धरतं. उलट केलं तर दूध भरपूर असतं, पाक त्यात जिरत जातो. शेवटी जायफळ किसणीवर दोनदा घासून वरून टाकायचं. जायफळाचा वास उडून जाणारा असतो, म्हणून ते उकळीत घालण्यात अर्थ नाही, आणि दोनदाच, कारण जास्त झालं की कडू लागतं आणि जड पडतं.

चिमूटभर खायचा सोडा घालण्याचा उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेलच. तो चालतो, कारण सोडा आम्ल मारतो. पण कॉफीला साबणासारखी चव येते आणि तिचा सुवास बसतो. मी तो वापरत नाही.

एकदा जमलेली कॉफी पुन्हा तापवू नका. आमच्याकडे हे उशिरा घरी येणाऱ्या माणसांमुळे होतं. एकत्र झालेल्या गूळ-दुधाला दुसरी उकळी सोसत नाही. मी मसाल्याचा पाक काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवते, आठवडाभर राहतो. भोपळा घातलेला असेल तर तीन दिवसांत संपवा. जो येईल त्याला ताजं दूध तापवून त्यात पाक.

फाटणं थांबलं की दुसरी तक्रार पुढे येते ती कपाच्या तळाशी चिखलासारखा थर बसण्याची. हे दालचिनीच्या पुडीमुळे. दालचिनी पाण्यात विरघळत नाही, उलट तिचा चिकट अंश आणि पिष्ट फुगतं आणि शेवटचे दोन घोट बुळबुळीत होतात. चहाच्या गाळणीने हे जात नाही. सरळ कांडीच उकळा. बाजारात जाड, टणक, एकाच वळीची मिळते ती कॅशिया. तिचा दर्प तिखट. सिलोनची पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी वळलेली, हाताने चुरता येणारी. ती महाग पण मऊ वासाची. रोज पिणार असाल तर सिलोनची घ्या, कारण कॅशियात कूमारिन नावाचा घटक बराच जास्त असतो आणि तो रोजच्या रोज पोटात जाणं यकृताला चांगलं नाही.

आता भोपळा. कित्येकांना वाटतं भोपळ्याशिवाय ही कॉफी होत नाही. पण या चवीला जगभर ज्यांनी नेलं त्या स्टारबक्सने २००३ मध्ये 'पम्पकिन स्पाइस लाटे' विकून बघायला सुरुवात केली तेव्हा त्यात भोपळा नव्हता. भोपळ्याचा गर त्यांनी २०१५ मध्ये घातला. तिकडे भोपळ्याच्या गोड पायमध्ये दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग घालतात, त्या मसाल्याचा तो वास आहे. आपल्याकडे कॉफीत जायफळ-वेलची घालायची रीत आजीच्या काळापासूनची, त्यामुळे ही चव मला पहिल्या घोटाला परकी वाटलीच नाही. भोपळा नसला तर न घालता करा. पण घालणार असाल तर शिजवून थेट टाकू नका. भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि कुकरमध्ये ते आणखी वाढतं. मग कॉफी पांचट होते आणि भाजीचा वास येतो. आम्ही घारग्यांना करतो तसंच करा. किसा, कढईत अर्धा चमचा तुपावर मंद आचेवर परतत राहा. आधी पाणी सुटतं, मग ते आटतं, मग कढईचा आवाज बदलतो. चरचर थांबून गर कालथ्याला धरायला लागतो आणि रंग केशरीचा विटकरी होतो. कच्चा वास तिथे जातो. तो गर पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीवर घासून घ्या. दोन कपांना दोन चमचे पुरे.

कॉफी फाटत नाही, गाळही नाही, तरी चव बसलेली लागते, असं झालं तर पाणी बघा. आमच्या बोअरच्या पाण्याने किटलीत पांढरा थर धरतो. त्या जड पाण्यात कॉफीचा तजेला मरतो. मसाला उकळायला प्यायचं पाणी घ्या, एवढंच. आणि डब्यावर चिकोरीचं प्रमाण वाचा. चिकोरी जास्त असलेल्या कॉफीत गूळ घातला की दोन्हीचा जळका गोडवा एक होतो आणि कॉफी हरवते. इथे मी चिकोरी नसलेलीच घेते.

सीताफळाची कॉफी करून बघायचा मोह मलाही झाला. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं याच दिवसांत येतात, आणि बीडच्या सीताफळाला तर भौगोलिक मानांकन आहे. पण गरम कॉफीत तो गर घातला आणि दोन मिनिटांत सगळं कडू झालं. सीताफळाचा गर तापवला की कडवटतो, त्याला इलाज नाही. थंडच करा. गार दुधात कॉफी विरघळवून बिया काढलेला गर हाताने फेटा. मिक्सर लावू नका, एखादी बी राहिली आणि चिरडली तर ती कडू असतेच, शिवाय पोटाला अपायकारक. साखर लागत नाही.

आणि एवढं करूनही एखाद्या दिवशी फाटलीच, तर दुधाचा वास बघा. दूधच नासलेलं असेल तर टाका. पण ताजं दूध गुळाने किंवा आल्याने फाटलं असेल तर ते वाया जाऊ देऊ नका. चोथा आणि पाणी एकत्र घुसळायचं, त्यात मावेल तेवढी कणीक, मूठभर ज्वारीचं पीठ आणि चमचाभर तूप घालून घट्ट मळायचं, आणि दशम्या लाटायच्या. आम्ही त्या आठवड्यात दोनदा लाटल्या. भाचीने वसतिगृहावर जाताना डबा भरून नेल्या. जायफळ आणि कॉफीचा वास त्यांना तिसऱ्या दिवशीही येत होता, म्हणाली.